डावीकडचा ब्रेक

“ताई, नव्या कोऱ्या गाडीला कुणी असलं काही करतं का?” जमीरभाईनं फडक्याला हात पुसत विचारलं. “सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही.”

“प्लास्टिक निघेल. तू पेडल बसव.”

“शोरूमवाल्यांनी बघितलं तर वॉरंटी विसरा.”

“विसरले.”

त्यानं मान हलवली आणि गाडीच्या दाराला हात लावायच्या आधी पुन्हा एकदा हात पुसले.

गाडी होतीच तशी. लालभडक, बसकी, पुढून जरा रागावल्यासारखी दिसणारी, मागे आखूडशी डिकी ऐटीत वर उचललेली. म्हणायला चार मीटरच्या आतली छोटी सेडान, पण इंजिन टर्बो, गिअर सहा, आणि ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची. मी कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. चाळिशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आईवडिलांबरोबर राहणारी. अशा बाईनं उंच, शांत, पांढरी गाडी घ्यावी यावर कारखान्यात सगळ्यांचं एकमत होतं. मी ही घेतली. शोरूममधल्या सेल्समननं “मॅडम, मिस्टरांसाठी बघताय का?” असं विचारलं, तेव्हा टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली मी त्याला हायवेवर असं काही फिरवून आणलं की परत आल्यावरही तो छताचं हँडल सोडेना.

तर अशा या गाडीत डाव्या बाजूला, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पुढ्यात, मला ब्रेकचं दुसरं पेडल बसवून हवं होतं. ते पेडल जमीरभाईच्या बाकावर पडलं होतं. माझ्या वडिलांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीतून काढलेलं. त्याचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं.

“एक बोलू का? राग मानू नका,” जमीरभाई म्हणाला. “मी पण सरांकडंच गाडी शिकलो. पण सरांना आता नीट दिसत नाही, ताई. परवा माझ्या अंगावरनं गेले, हाक मारली तेव्हा कुठं ओळखलं. त्यांच्या पायाखाली चालता ब्रेक द्यायचा? ते पण घाटात?”

मी बाकाकडे वळले.

“असं करू. नुसतं दिसायला बसवतो. खाली एक स्प्रिंग टाकतो. दाबलं की दबंल, पण लागणार काही नाही. सरांचंही समाधान आणि तुम्हालाही घोर नाही.”

सल्ला शहाण्या माणसाचा होता. मी ते पेडल हातात घेतलं. झिजलेल्या जागेवर माझा अंगठा बरोबर बसत होता.

“नको,” मी म्हटलं. “पहिल्या दाबाला कळेल त्यांना. आणि एकदा कळलं की ते माझ्या गाडीत पुन्हा बसायचे नाहीत. खराच ब्रेक बसव.”

माझे वडील दत्ताजी फडतरे. घरात अण्णा, गावात फडतरे सर. कराडातल्या निम्म्या लोकांना त्यांनी क्लच सोडायला शिकवलं असेल. डॉक्टर, वकील, नव्या सुना, रिव्हर्स घेताना देवाचा धावा करणारे एक कीर्तनकारबुवासुद्धा. अण्णांचं सगळं आयुष्य गाडीच्या डाव्या सीटवर गेलं, पायाखाली तो दुसरा ब्रेक घेऊन. शिकणारा चुकला की अण्णा तोंड उघडायच्या आत त्यांचा पाय काम करून मोकळा व्हायचा.

त्यांच्या शाळेचा नियम साधा होता. पाय लागला की नापास. ज्या दिवशी सबंध फेरीत अण्णांचा पाय ब्रेकला लागला नाही, त्या दिवशी ते बाजार समितीच्या आवारात गाडी थांबवायला सांगत. खाली उतरत, दार लावत, खिडकीशी वाकत आणि म्हणत, “जा. एकटा चक्कर मारून ये.” मग खिशातले शेंगदाणे खात तिथंच उभे राहत. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पेढे येत. आरटीओची परीक्षा पुढं व्हायची तेव्हा होवो, त्यांच्या शिष्यांच्या लेखी पास झाल्याची खूण हीच.

मीही त्यांच्याकडंच शिकले. शेवटच्या दिवशी त्यांचा पाय लागला नव्हता, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून नीट बघून घेतलं होतं. आवारात गाडी उभी केली. अण्णांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि जरा वेळ तसेच बसून राहिले. मग पाय आत घेतला, दार लावलं आणि म्हणाले, “राहू दे आज. ऊन फार आहे.”

तो दिवस पुन्हा आलाच नाही. लायसन्स मिळालं. कारखान्याची जीप चालवली, मैत्रिणींच्या गाड्या चालवल्या, अण्णांना शेजारी घेऊन शाळेची गाडी तर कितीदा चालवली. पण त्यांनी मला एकटीला चक्कर मारायला पाठवलं नाही ते नाहीच. कधी विषय काढला तर म्हणायचे, “लायसन्स आहे ना तुझ्याकडं? मग झालं तर.” झालं नव्हतं. मी मनातल्या मनात नापासच होते आणि त्याचा मला रागही यायचा.

मग त्यांना काचबिंदू झाला. कडेकडेचं दिसेनासं होत गेलं. डॉक्टरांनी लायसन्सच्या कागदावर सही करायला नकार दिला. अण्णांनी शाळा बंद केली, बोर्ड उतरवला आणि घरात एवढंच सांगितलं, “डावीकडचं जरा धूसर दिसतं. बाकी काही नाही.” खरं किती दिसत नाही, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हे अण्णांना ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून अण्णा कुणाच्याच गाडीत बसेनासे झाले. आपल्या पायाखाली ब्रेक नाही अशा गाडीत पुढं बसायचं म्हणजे त्यांच्या पोटरीत गोळे येत. आणि मागं बसण्याचं तर नावच नको. “मागं सामान बसतं,” असं त्यांचं ठरलेलं उत्तर. पुतण्याच्या लग्नाला सगळं घर जीपमधून गेलं आणि अण्णा एसटीनं.

यात अडकली ती आई. तिचं माहेर गुहागर. एसटीनं कुंभार्ली घाट उतरायचा म्हटलं की तिचं पोट आदल्या दिवसापासून ढवळायचं. पूर्वी अण्णा शाळेच्या गाडीतून तिला न्यायचे, ते थांबलं. मामा फोनवर ये ये म्हणायचा. आई म्हणायची, “ह्यांना सोडून कशी येऊ? आणि हे तर गाडीत बसत नाहीत.” फोन ठेवल्यावर ती उगीचच खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. गाडी मी माझ्या हौसेनं घेतली हे खरं, पण पसंत करताना मनात तो घाट होता आणि घाटाखाली आईचं गुहागर होतं.

गाडी घरी आली तेव्हा आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. अण्णांनी पुढच्या दिव्यापासून डिकीपर्यंत गाडीवरून सावकाश हात फिरवला.

“रंग कुठला म्हणालीस?”

“लाल.”

“ते दिसतंय मला. टोमॅटो का मिरची, ते विचारतोय.”

“मिरची.”

“हं. आणि इतकी बसकी? ही गाडी आहे का चप्पल?”

आई तोवर मागच्या सीटवर बसून बघत होती. “बसले खरी,” ती आतून म्हणाली, “पण आता मला वर काढा कुणीतरी.”

“क्लच आहे ना?” अण्णांनी विचारलं.

“आहे. सहा गिअर.”

त्यांचा चेहरा उजळला. “बिनक्लचची आणली असतीस तर अंगणात येऊ दिली नसती.”

“मग बसा ना. एक चक्कर मारू.”

अण्णांनी डावीकडचं दार उघडलं. वाकले, खालच्या कोऱ्या मॅटकडे बघितलं. “झकास आहे गाडी,” ते म्हणाले आणि दार हलक्या हातानं लावलं. “तुम्ही दोघी या जाऊन.”

आम्ही दोघी गेलो नाही. आई घरात निघून गेली आणि मी लिंबं तशीच चाकांखाली ठेवून पायरीवर बसून राहिले. परसात शाळेची जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. ती भंगारात द्यायचं ठरलेलंच होतं. तिच्याकडे बघता बघता मला जमीरभाई आठवला.

रविवारी सकाळी मी गाडी पुन्हा अंगणात आणून उभी केली. थंडीचे दिवस होते. अण्णा मफलर गुंडाळून चहा घेत बसले होते.

“अण्णा, डावीकडचं दार उघडून बघा.”

“बघितलंय की परवा.”

“पुन्हा बघा.”

ते आले, वाकले, आणि हात खाली नेला. बोटांना पेडल लागलं. त्यांनी रबरावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

“हा माझा आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“चालतो?”

“बसून बघा.”

ते बसले. पेडल दाबलं तसं उजवीकडचंही खाली गेलं. त्यांनी ते सोडलं, पुन्हा दाबलं, कान देऊन ऐकलं. “जमीरनं केलंय. हात बरा बसलाय पोराचा.” मग घराकडे तोंड करून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, “अगं, आवरलंस का? गुहागरला जायचंय!”

आई पिशवी घेऊनच बाहेर आली. ती पिशवी कधीपासून भरून ठेवलेली होती देव जाणे.

कराड मागे पडेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत गेलो. अण्णा ताठ बसले होते, पाय पेडलच्या वर अधांतरी. मला तो सगळा वेळ दिसत होता. पण गाडी इतकी हलकी चालत होती की हळूहळू मी त्या पायाला विसरले. मल्हारपेठ गेलं, पाटण गेलं. ट्रॉल्या संपल्या, रस्ता मोकळा झाला. मी चौथा टाकला, पाचवा टाकला. स्टेअरिंगला बोट लावावं आणि गाडीनं ऐकावं, असं चाललं होतं. मागे आई गुणगुणायला लागली. आईला गुणगुणताना मी किती दिवसांनी ऐकत होते.

पुढे रस्त्याच्या कडेला एक मोठा वड होता. उन्हं तिरपी होती आणि त्याची सावली रस्त्यावर आडवी पडली होती.

अण्णांचा पाय बसला.

गाडी जागच्या जागी थांबली. माझा पट्टा छातीत रुतला, आईची पिशवी पुढे येऊन गिअरवर आदळली आणि मागून टायर घासल्याचा असा आवाज आला की मी डोळे मिटले. काही लागलं नाही. उघडून आरशात बघितलं तर एका टेम्पोचं तोंड आमच्या डिकीला टेकायचंच बाकी होतं.

टेम्पोवाला उतरून माझ्या खिडकीशी आला. “ओ ताई! मोकळ्या रस्त्यात मधीच थांबताय व्हय? मागं दुधाचं कॅन हायत माझं! चालवाय येत न्हाई तर घेता कशाला असल्या गाड्या?”

“चुकलं दादा,” मी म्हटलं. “माझा पाय पडला चुकून.”

“शिका जरा आधी!” असं म्हणून तो गेला.

अण्णा समोर बघत होते. मी गिअर टाकला, पण गाडी हलेना.

“अण्णा, पाय,” मी हळूच म्हटलं.

त्यांनी पेडलवरचा पाय उचलला.

कोयनानगर येईपर्यंत आईचं गुणगुणणं पुन्हा सुरू झालं नाही. तिथं चहाच्या टपरीपाशी मी गाडी कडेला घेतली. आई तोंड धुवायला आत गेली. अण्णा चहाचा ग्लास घेऊन गाडीला टेकून उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी.

“म्हैस होती ना?” त्यांनी विचारलं.

“नाही, अण्णा.”

“मग?”

“सावली होती. वडाची.”

त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. चहा पीत नव्हते.

“मला किती दिसतं ते तुला ठाऊक होतं.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

“कधी?”

“तुम्ही शाळा बंद केलीत तेव्हाच.”

“आणि तरी खरा ब्रेक बसवलास?”

“जमीर म्हणत होता, खोटा बसवू. दाबला की नुसता दबेल असा. मी नको म्हटलं.”

“का?”

“तुम्हाला खोटं कसं देऊ?”

अण्णा म्हणाले, “त्या टेम्पोवाल्यानं तुला उगीच झापलं. पाय माझा होता.”

“मी शिकत होते तेव्हा भाजी मंडईत टोमॅटोची हातगाडी उलटवली होती. आठवतं? तो हातगाडीवाला माझ्या अंगावर आला तर तुम्ही उतरून म्हणालात, माझा पाय पडला चुकून.”

अण्णांच्या मिशा जरा हलल्या. पण हसू पुरतं आलं नाही. समोरच्या थांब्यावर एक एसटी येऊन उभी होती. ते तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

“कराडची आहे का ती?”

“हो.”

ते एसटीकडे बघत राहिले. मला सगळं पुढचं दिसायला लागलं. अण्णा एसटीत चढणार, आई त्यांना एकटं सोडणार नाही, दोघंही परत जाणार आणि या जन्मी पुन्हा माझ्या गाडीत बसणार नाहीत. मी काही बोलणार तोच कंडक्टरनं दार ओढलं, बेल दिली, एसटी हलली. अण्णा होते तिथंच होते. त्यांनी उरलेला गार चहा एका घोटात संपवला.

आई आली. तिनं आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि मागे जाऊन बसली. अण्णाही बसले. मी दार उघडणार तेवढ्यात त्यांनी खिडकीतून चपला बाहेर धरल्या.

“हेमे, ह्या डिकीत टाक.”

“चपला? डिकीत?”

“टाक म्हणतो ना.”

मी चपला डिकीत ठेवून आले. बघते तर अण्णांनी सीट मागे सरकवली होती आणि तिच्यावर मांडी घातली होती. जेवायला पाटावर बसावं तशी, दोन्ही पाय आत घेऊन, वर पट्टा लावून. खाली ते पेडल मोकळं होतं.

मी नुसती उभी होते.

“काय बघतेस? ज्याला दिसतं त्याच्याच पायाखाली ब्रेक असावा. चल, घाट उतरायचाय.”

उभ्या आयुष्यात मी अण्णांना गाडीत मांडी घातलेलं बघितलं नव्हतं. लग्नाच्या, देवदर्शनाच्या, दवाखान्याच्या, कुठल्याच फेरीत नाही. मी गाडीला वळसा घालून आले, तेवढ्यात डोळे पुसून घेतले. त्यांना ते दिसलं नसणार आणि एकदाच त्या धूसर डोळ्यांचा मला फायदा झाला.

घाट सुरू झाला. मी दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी सोडली. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, वर येणाऱ्या ट्रकांच्या डिझेलचा वास. गाडी वळणं अशी घेत होती की मागच्या सीटवर आईच्या पोटातलं पाणी हलत नव्हतं. अण्णा एक शब्द बोलत नव्हते. न बोलणं त्यांना किती जड जात असेल ते मला कळत होतं. एका नागमोडी वळणावर समोरून ट्रक आला, सबंध रस्ता अंगाखाली घेऊन. मी वेग तोडला, कडेला सरकले, थांबले. ट्रक कण्हत वर निघून गेला. मी शेजारी बघितलं. अण्णांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे आवळून धरले होते. मांडी मोडली नव्हती.

“थांबलीस का?” त्यांनी विचारलं.

“थांबले.”

“मला कळलंसुद्धा नाही.”

अण्णांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कराडात कुणाच्या वाट्याला आलं असेल, असं मला वाटत नाही.

घाट संपला. पोफळी गेली, चिपळूणही मागे पडलं. सपाटीला लागलो तशी त्यांनी गुडघे सोडले आणि मफलर काढून मांडीवर ठेवला.

“सहा गिअर कशाला घेतलेस? पूजेला?” ते म्हणाले. “पळव की जरा.”

“अहो, काय सांगताय पोरीला!” आई ओरडली. पण हसत होती.

मी स्पोर्टचं बटण दाबलं. गाडीनं मान ताठ केली आणि निघाली. अण्णा आवाज ऐकत डोळे मिटून बसले. मला वाटलं, त्यांना गाडी दिसत असेल ती अशीच, आवाजातून.

ती गाडी अजून माझ्याकडे आहे. लाल रंग जरा उतरलाय, अण्णा जाऊन काही वर्षं झाली. पण त्या दिवसानंतर आम्ही तिघं गोकर्णापर्यंत फिरलो, आईला तर समुद्राचा कंटाळा येईपर्यंत फिरलो. डाव्या सीटवर बसणारा प्रत्येक नवा माणूस खाली बघून विचारतो, हे काय? मी सांगते, पाय लावू नका. ते पेडल मी काढलेलं नाही. अण्णांकडून मला पुष्कळ मिळालं, पण त्यांचे आभार मानावेत असं कधी सुचलं नाही, आणि ते असताना मानले असते तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं. म्हणून गाडीत बसताना रोज एकदा त्या पेडलकडे बघते, झालं.

त्या दिवशी गुहागर आलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मामाचं घर जवळ आलं, तोच सुरूच्या बनाकडे जाणारा फाटा लागला.

“इकडं घे,” अण्णा म्हणाले.

“मामाचं घर पुढं आहे.”

“ठाऊक आहे. माझं सासर आहे ते. इकडं घे.”

फाट्यावरचा रस्ता रिकामा होता. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं. मांडी सोडताना पाय आखडले होते, त्यांनी ते हातांनी धरून बाहेर ठेवले. मी डिकीतून चपला आणून दिल्या. चपला घालून ते उभे राहिले आणि आईला म्हणाले, “तू पण उतर.”

“मी कशाला? आत्ता तर कुठं नीट बसले होते.”

“उतर म्हणतो ना.”

आई कुरकुरत उतरली. मला अजून काही कळलं नव्हतं. मी माझ्या सीटवर जाऊन बसले. अण्णांनी डावीकडचं दार लावलं. मग खिडकीशी वाकले.

“जा,” ते म्हणाले. “एकटी चक्कर मारून ये.”

मी नुसती मान हलवली, पण ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे. अण्णांनी दाराच्या पत्र्यावर थाप मारली, शाळेतल्या प्रत्येकाच्या वेळी मारायचे तशी.

मी निघाले. शेजारची सीट रिकामी होती. एका बाजूला सुरूची झाडं, त्यांच्यामधून समुद्र तुकड्यातुकड्यानं दिसत होता, आणि चाळिशीला टेकलेली मी पहिल्यांदाच गाडी चालवत असल्यासारखी चालवत होते. खिडक्या सगळ्या खाली केल्या. कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून मोठ्यानं ओरडले. दुसरा, तिसरा, चौथा. रस्ता संपला तिथं गाडी वळवली आणि पुन्हा तसंच.

परत आले तेव्हा दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते. अण्णा खिशातले शेंगदाणे खात होते. कराडहून निघताना त्यांनी ते खिशात कधी टाकले, मला माहीत नाही.

“तिसरा उशिरा टाकलास,” मी थांबताच ते म्हणाले.

“इथून दिसलं तुम्हाला?”

“ऐकू येतं मला सगळं. ओरडलेलंपण.”

आई आधीच मागे बसली होती. मी पुढचं डावं दार आतून उघडलं. अण्णांनी चाचपून ते धरलं, पुन्हा लावलं, आणि गाडीवर हात ठेवत ठेवत मागच्या दारापाशी गेले.

“अहो, पुढं बसा की,” आई म्हणाली. “मागं सामान बसतं ना?”

“सामान तर सामान,” अण्णा म्हणाले. “सरक जरा.”

आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून त्यांना जागा करून दिली.